बालसंधिवातात गुडघा आणि मनगटासाठी व्हिडिओ गेम: मांडणी कशी करावी, किती वेळ खेळवावं, कुठे थांबावं?

व्यायामवही (प्रश्न)

नमस्कार. तपशील दिल्याशिवाय नेमकी उत्तरं येणार नाहीत, म्हणून प्रश्न सविस्तर लिहितो.

मुलं ८ ते १२ वयोगटातली. आजार पॉलिआर्टिक्युलर जेआयए (ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजेच बालसंधिवात), म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत पाच किंवा जास्त सांधे धरलेले. औषधं लागू पडली आहेत, सूज उतरली आहे. मागे उरलंय ते असं: गुडघा १० ते १५ अंश वाकलेलाच राहतो, पूर्ण सरळ होत नाही. मांडीचा पुढचा स्नायू वाळलेला. मनगट मागच्या बाजूला वळत नाही आणि मूठ कमजोर. घरी करायच्या व्यायामाचा कागद दिला की दोन आठवडे नीट चालतो, मग बंद पडतो. म्हणून हेच व्यायाम गेममधून करून घ्यायचे आहेत.

हाताशी असलेली साधनं: निन्टेंडोचं जुनं गेमयंत्र वी आणि त्याचा बॅलन्स बोर्ड (ज्यावर उभं राहून खेळतात), रिंग फिट या व्यायामाच्या गेमसह निन्टेंडो स्विच, वेबकॅम असलेला लॅपटॉप, एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर.

विचारायचं आहे ते हे. कोणत्या सांध्याला कोणतं साधन? एका वेळी किती मिनिटं? आणि मूल एरवी नेहमीच्या कंट्रोलरवर जे तासन्‌तास खेळतं, त्याने बोटांच्या सांध्यांचं नुकसान होतं का? "गेम खेळू द्या, हालचाल होते" एवढ्याने भागत नाही, कृती हवी आहे.

सरळ_गुडघा

पायांचं मी सांगतो, हातांचं दुसरं कोणी सांगेल.

पहिली गोष्ट, गेम गुण देतो तो पडद्यावरच्या निकालाला. गुडघा सरळ झाला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुखरा सांधा असलेलं मूल अंग चोरण्यात तरबेज असतं, आणि ते मुद्दाम करत नाही, शरीरच तशी वाट काढतं. त्यामुळे तेवढाच सांधा हलल्याशिवाय गुण मिळणार नाहीत अशी मांडणी करणं हे खरं काम. कोणता गेम हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवातीला मोजा. मूल उताणं, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे गुडघा मोकळा सुटतो. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या दोन दांड्यांच्या साधनाचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक दांडी खुब्याच्या बाहेरच्या हाडाकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. दर वेळी दिवसाची वेळ तीच ठेवा, कारण सकाळच्या आखडलेपणात आकडा वेगळाच येतो. हाताने मोजताना ५ अंशांपर्यंत चूक होतेच, त्यामुळे ३ अंशांच्या फरकाला सुधारणा म्हणू नका.

आता गुडघ्यासाठी सर्वांत उपयोगी मांडणी, आणि हिला महागडा गेम लागतच नाही. मूल पाय लांब करून बसलेलं, पाठ भिंतीला. गुडघ्याखाली टॉवेलची साधारण ५ सेंटीमीटर जाडीची गुंडाळी, तिच्यावर चपटा मोठा स्विच (वायरीचं सुटं बटण), त्याची वायर अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला. गुडघा खाली दाबला की बटण दाबलं जातं. एकाच बटणावर चालणारा कोणताही गेम निवडा, फक्त बटण ५ सेकंद धरून ठेवावं लागेल असा हवा. पटापट टिचक्या मारायचा नको.

इथे अंग चोरलं जातं ते असं: मूल मांडीचा पुढचा स्नायू आवळण्याऐवजी नितंबाच्या जोरावर अख्खा पाय जमिनीत रुतवतं. बटण दाबलं जातं, गुण मिळतात, व्यायाम शून्य. याची चाचणी सोपी आहे. टाचेखाली कागद ठेवा. मांडीचा स्नायू खरोखर आवळला तर टाच किंचित उचलली जाते आणि कागद सहज ओढून घेता येतो. कागद अडकला तर जोर कमरेतून येतोय. आणि खेळ संपला की ती गुंडाळी काढून घ्या. गुडघ्याखाली उशी घेऊन लोळत खेळायची सवय लागली तर जो वाक घालवायचाय तोच पक्का होतो.

बॅलन्स बोर्ड. त्याच्या चार कोपऱ्यांत चार वजन-सेन्सर असतात, त्यामुळे भार कोणत्या पायावर किती आहे हे चांगलं कळतं. कठीण, सपाट जमिनीवर ठेवा. जाड सतरंजीवर बोर्डाचे पाय रुततात आणि मोजमाप बिघडतं. खेळाआधी नुसतं उभं करून भाराची विभागणी बघा. पाय दुखरा असलेली मुलं बहुतेकदा चांगल्या पायावर रेलतात. मग डावीकडे-उजवीकडे सावकाश भार नेण्याचे गेम द्या, दोन्ही गुडघे शक्य तितके सरळ ठेवून. दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर जड खुर्च्या ठेवा. इथली चोरी म्हणजे पाय जागच्या जागी आणि धड मात्र वाकलेलं. पडद्यावरचा ठिपका सरकतो, पायावर भार येत नाही. खांदे आडव्या रेषेत राहिले पाहिजेत, हे समोर उभं राहून बघावं लागतं.

एक गोष्ट फार वेळा सुटते. लहान वयात एकाच गुडघ्याला जास्त सूज राहिली असेल तर तिथला रक्तपुरवठा वाढून तो पाय थोडा लांब वाढतो. मग मूल दोन्ही पाय समान करायला लांब पायाचा गुडघा वाकवून उभं राहतं. अशा मुलाला बोर्डावर अनवाणी उभं केलंत तर तुम्ही त्याला गुडघा वाकवायचाच सराव देताय. बुटात जेवढ्या जाडीचा तुकडा दिलेला असेल, तेवढ्याच जाडीची पट्टी आखूड पायाखाली बोर्डावर ठेवा.

रिंग फिटमध्ये सायलेंट मोड टाळा. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यात पळण्याच्या जागी सतत गुडघे वाकवायचे असतात. गुडघ्यांसाठीचा असिस्ट मोड सुरू करा. स्क्वॉट ३०-४० अंशांच्या पुढे नको. प्लँकमध्ये पंजे टेकवून मनगटावर भार येतो, तो प्रकार कोपरांवर टेकून करा किंवा गाळा.

वेळ: आधी १० मिनिटं कोमट पाणी किंवा शेक. मग ३-४ मिनिटांचे तीन डाव, मध्ये २ मिनिटं विश्रांती. शेवटी गुडघा सरळ करून ३० सेकंदांचा ताण, पाच वेळा. ताण गेमनंतरच घ्या, तेव्हा स्नायू गरम असतात. पहिले दोन आठवडे दिवसाआड, नंतर आठवड्यातून पाच दिवस. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, एकतर वेळ किंवा अवघडपणा.

मनगटमित्र

हातांबद्दल. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण पालक तेच सर्वांत जास्त विचारतात.

नेहमीचा कंट्रोलर विष नाही, पण त्याची पकड नेमकी नको त्या बाजूची आहे. मनगट पुढे झुकलेलं, पंजा करंगळीकडे वळलेला, आणि सगळं काम अंगठ्याच्या दोन सांध्यांवर. जेआयएत मनगट सहसा याच दिशेने आखडतं. प्रौढ हातांवरच्या एका जुन्या गणितानुसार अंगठा-तर्जनीच्या टोकाशी घेतलेल्या चिमटीचा जोर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ पट होऊन पोचतो. निरोगी हातांनाही हे बाधतं. १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सतत बटणं दाबून झालेल्या अंगठ्याच्या दुखण्याला "निन्टेंडिनायटिस" म्हटलं गेलं, आणि २००७ मध्ये त्याच नियतकालिकात वी टेनिसमुळे खांद्याचा स्नायुबंध दुखावल्याचं "वीआयटिस" नावाने छापून आलं. दोन्हींत दोष होता तो न थांबता केलेल्या एकाच वेगवान हालचालीचा.

म्हणून करमणुकीच्या खेळासाठी सांध्यावरचा ताण कमी करा. निन्टेंडो स्विच हातात धरू देऊ नका. जॉयकॉनसकट (दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर) तो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. स्टँडवर ठेवा, कंट्रोलर सुटा वापरा. मांडीवर घट्ट उशी, तिच्यावर दोन्ही हात कोपरापासून टेकलेले. मागची ट्रिगर बटणं सेटिंगमधून पुढच्या बटणांवर आणा. "धरून ठेवा" ऐवजी "एकदा दाबा" असा पर्याय असेल तर तोच निवडा. सलग १५ मिनिटांनंतर हात सोडायचे, बोटं पूर्ण पसरायची. एक्सबॉक्सवर कंट्रोलर असिस्ट (पूर्वीचं नाव कोपायलट) नावाची सोय आहे, तिच्यात दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूला चालवतात. अंगठ्याला जड जाणारं काम भावंडाकडे सोपवता येतं.

उपचाराचा खेळ वेगळा मांडायचा. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक असतात, त्यामुळे बटण कुठेही नेता येतं. मनगट मागे वळवण्यासाठी अशी रचना करा:

१. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर, तळवा खाली, पंजा टेबलाच्या काठाबाहेर लोंबता.
२. मनगटाच्या चार बोटं मागे एक रुंद वेल्क्रो पट्टा सैलसर बांधा. हात जखडायचा नाही, उचलला गेला तर कळावं एवढंच.
३. हलका दाब लागणारा स्विच स्टँडला उलटा लावून पंजाच्या पाठीवर धरा. मूल पंजा मागे उचलून पाठीने स्विचला टेकवेल.
४. त्याला सहज जमतं त्या उंचीवर सुरुवात करा. दहापैकी आठ वेळा, दर वेळी ३ सेकंद धरून जमलं, की स्विच ५ मिलिमीटर वर घ्या.

बोटं सैल हवीत. बोटं ताठ करून पंजा उचलणं ही इथली चोरी. तेव्हा बोटांचे स्नायू मनगटाचं काम करतात. मुलाच्या मुठीत मऊ स्पंजचा गोळा हलकेच धरायला द्या, ती पळवाट बंद होते. दुसरी चोरी कोपर उचलण्याची, ती पट्ट्यामुळे लगेच दिसते. दोन्ही हातांना मिळून १० मिनिटं पुरे.

स्प्लिंटबाबत (सांधा योग्य स्थितीत धरणारा आधार) गोंधळ होतो. रात्रीचा स्प्लिंट रात्रीच. दिवसा आधारासाठी दिलेला मनगटपट्टा करमणुकीच्या खेळात चालेल, वरच्या व्यायामात तो काढायचा.

रिंग फिटचं रिंग दाबणं मनगटाच्या रेषेतून जोर मागतं. मनगट गरम किंवा सुजलेलं असेल तर ते बंद. एरवी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जोर कमीत कमी ठेवा, आणि पंजे ताठ, मनगट सरळ आहे ना बघा.

मुठीची ताकद मोजायला डायनॅमोमीटर नसेल तर रक्तदाबाचा काट्याचा कफ चालतो. गुंडाळी करून बांधा, २० पर्यंत हवा भरा, मुलाला आवळायला सांगा आणि काटा कुठवर गेला ते लिहा. तीन वेळा घेऊन सरासरी. दर दोन आठवड्यांनी पुरेसं आहे, रोज मोजलं की मूल त्यालाच कंटाळतं.

कॅमेरा_कोन

वेबकॅमबद्दल. स्वतः गेम लिहिणार असाल किंवा कोणाकडून लिहून घेणार असाल तर पुढचं उपयोगी पडेल. मीडियापाइप या कॅमेऱ्यातून हालचाल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं शरीराचं मॉडेल ३३ बिंदू देतं आणि हाताचं २१. खुबा, गुडघा, घोटा या तीन बिंदूंवरून गुडघ्याचा कोन काढणं हे चार ओळींचं गणित आहे. अडतं ते बाकीच्या गोष्टींवर.

कॅमेरा कुठे ठेवता हे निर्णायक. गुडघा बाजूनेच बघायचा. समोरून बघितलात तर वाक कॅमेऱ्याच्या दिशेने जातो आणि १५ अंशांचा वाकही सरळ दिसतो. गुडघ्याच्या उंचीवर, २ मीटरवर, लॅपटॉपचा पडदा थोडा वळवून. मुलाला मान फिरवून पडदा बघावा लागू नये म्हणून वेगळा पडदा समोर ठेवता आला तर उत्तम. घोळदार पायजमा नको, आखूड चड्डी घाला. मागे भिंत मोकळी.

कोनाचा आकडा थेट वापरू नका, पाच-सात फ्रेमची सरासरी घ्या. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात याने साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर होतो, तो चालतो. सरासरी नसेल तर नुसत्या थरथरीनेही गुण मिळतात. यश आणि परत सुरुवात यांच्या रेषा वेगळ्या ठेवा: मनगट २५ अंशांवर गेलं की गुण, पण पुढचा प्रयत्न १० अंशांखाली आल्यावरच मोजायचा. हे नसेल तर मूल २५च्या आसपास हात नुसता हलवत राहतं आणि गुणांचा ढीग लागतो.

लक्ष्य रोज नव्याने ठरवा. सुरुवातीला तीन वेळा जमेल तितकं करायला सांगा, मधला आकडा घ्या, त्याच्या ८० टक्के हे आजचं लक्ष्य. कालचं लक्ष्य आज लादू नका, या आजारात दिवस सारखे नसतात. दहापैकी आठ जमले तर २ अंश वाढवा, सहापेक्षा कमी जमले तर तेवढेच कमी करा आणि ते मुलाला जाणवूही देऊ नका. पडद्यावर अंश दाखवण्यापेक्षा दार किती उघडलं, होडी किती वर आली असं काही दाखवा.

अंग चोरणंही कोडमध्ये पकडता येतं. मनगटाच्या खेळात हाताची कोपर-मनगट रेषा १० अंशांपेक्षा जास्त हलली तर गुण द्यायचा नाही, चित्र फक्त थांबतं. चुकीचा भोंगा वाजवू नका.

आणि हा आकडा गोनिओमीटरची जागा घेत नाही. कॅमेरा दोन इंच सरकला की तो बदलतो. महिन्यातला कल बघायला ठीक, डॉक्टरांना सांगायला हाताने मोजलेलाच.

लीप मोशन (हात-बोटांची हालचाल टिपणारं छोटं यंत्र) कोणाकडे पडून असेल तर बोटांसाठी ते वेबकॅमपेक्षा बरं, हात यंत्राच्या २० ते ४० सेंटीमीटर वर ठेवायचा. एक्सबॉक्सच्या किनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. खांद्याच्या मोठ्या हालचालींना तो अजून चालतो, बोटांना नाही.

सांधेतपासणी

वरच्या मांडण्या चांगल्या आहेत. थांबण्याच्या खुणा मात्र आधीच भिंतीवर लिहून ठेवा, खेळाच्या भरात मूल सांगत नाही.

खेळानंतरचं दुखणं आधीपेक्षा जास्त असेल आणि दोन तासांनीही उतरलं नसेल, तर पुढच्या वेळी एक डाव कमी. सांधा गरम लागतोय, नव्याने सूज आहे, मूल लंगडतंय, किंवा सकाळचं आखडणं नेहमीपेक्षा लांबलंय, तर त्या सांध्यावर भाराचे आणि जोराचे खेळ बंद, उपचार करणाऱ्यांना कळवा. पण सांधा पूर्ण गप्प ठेवू नका, बिनभाराची हलकी हालचाल दिवसातून दोनदा चालू राहू द्या. पूर्ण विश्रांतीचा जुना सल्ला आता मागे पडलाय. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) व्यायामाने आजार बळावल्याचं आढळलं नव्हतं. फायदा किती हे मात्र त्यातल्या मोजक्या अभ्यासांवरून ठामपणे सांगता आलं नव्हतं, त्यामुळे पालकांना मोठी आश्वासनं देऊ नका. सिस्टेमिक प्रकारात (सांध्यांबरोबर सगळं शरीर धरणाऱ्या जेआयएत) ताप किंवा पुरळ असेल त्या दिवशी खेळ नाही.

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर किती दिवस थांबायचं ते देणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. बराच काळ तोंडावाटे स्टिरॉइड चालू असेल तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, उड्या असलेले गेम विचारल्याशिवाय नकोत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं आणि पुष्कळ मुलांना दुसऱ्या दिवशी मळमळतं. तो दिवस सुट्टीचा ठरवून टाका, म्हणजे "आज नाही जमलं" असं होत नाही.

डोळे. जेआयएतली युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) बहुतेकदा डोळा लाल न होता, न दुखता येते. मूल पडद्याच्या जवळ सरकू लागलं, एक डोळा मिटून खेळू लागलं, बारीक चिन्हं चुकू लागली, तर ते गेमचं वेड समजू नका. पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) डोळे तपासून घ्या. आणि ठरलेल्या तपासण्या मूल चांगलं दिसत असलं तरी चुकवायच्या नाहीत.

डोक्याला लावायचे व्हीआर चष्मे साधारण अर्धा किलोचे असतात. पॉलिआर्टिक्युलर प्रकारात मानेचे मणके धरलेले असू शकतात. मान वळवताना अडत असेल तर ते नकोतच.

व्यायामवही

कागदाची चाचणी आणि दोन रेषांचा मुद्दा आजच वापरता येण्यासारखे आहेत. दोन गोष्टी राहिल्या. भावंडांबरोबर खेळताना मूल चढाओढीत घाई करतं आणि सगळी मांडणी मोडते. आणि तीन-चार आठवड्यांनी याचाही कंटाळा येणारच, त्याचं काय?

सरळ_गुडघा

चढाओढ एकमेकांशी नको, एका बाजूने खेळू द्या. भावंडाने गाडी वळवायची, आजारी मुलाने गुडघा दाबून वेग द्यायचा. वेग टिकतो तो धरून ठेवल्यावरच, त्यामुळे घाईचा फायदाच उरत नाही. स्पर्धा हवीच असेल तर ती कालच्या स्वतःच्या धरून ठेवलेल्या सेकंदांशी.

कंटाळ्यासाठी गेम बदला, मांडणी बदलू नका. स्विच गुडघ्याखालीच, पडद्यावरचा गेम दर दोन आठवड्यांनी नवा. निवड मुलाने करायची, तुम्ही फक्त दोन अटी तपासायच्या: बटण धरून ठेवावं लागतं का, आणि हरल्यावर पुन्हा सुरू व्हायला फार वेळ जात नाही ना. १२ मिनिटांतली ४ मिनिटं कथा बघण्यात गेली तर आवर्तनं उरत नाहीत. आवर्तनं मोजा, मिनिटं नव्हे. गुडघ्यासाठी ५ सेकंदांची ३० ते ४० धरणं झाली की त्या दिवसाचं काम झालं.

मनगटमित्र

एक भर. ज्या दिवशी मुलाला व्यायाम अजिबात नको असेल, त्या दिवशी करमणुकीचा गेमच पालथं झोपून खेळू द्या. पावलं पलंगाच्या कडेबाहेर, छातीखाली उशी, पडदा खाली ठेवलेला म्हणजे मान ताणली जात नाही. १५-२० मिनिटांत खुबा आणि गुडघा दोन्ही आपोआप सरळ राहतात. मान दुखणाऱ्या किंवा कोपर धरलेल्या मुलाला ही स्थिती नको. त्याला उताणं झोपवा, टाचेखाली टॉवेल, गुडघा मोकळा, आणि टॅब्लेट स्टँडवर वरून टांगलेला.